फॅटची पावती आणि कडब्याची कुट्टी

पहाटे पाच

फेब्रुवारी संपत आलाय, पण नीरा उजव्या कालव्याच्या काठानं पहाटे अजून स्वेटर लागतो. कारखान्यांचा हंगाम चालू आहे, त्यामुळे फलटणच्या रस्त्यावर पुढे उसाच्या ट्रॉल्या आणि मागे वाढ्याचे, म्हणजे उसाच्या शेंड्यांचे, भारे बांधलेल्या मोटारसायकली. पहिला गोठा आक्कांचा. सहा संकरित होल्स्टीन गायी, दोन मुऱ्हा म्हशी. मी पशुवैद्यक, पण हल्ली सुई कमी आणि वजनकाटा जास्त हातात असतो. लोक मला चाऱ्यासाठी बोलावतात.

आक्का कोमट पाण्यानं कास धुतात, फडक्यानं कोरडी करतात, प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या वाटीत घेऊन गाठी आहेत का बघतात. तेवढ्यात गाय पान्हा सोडते. ऑक्सिटोसिनचा अंमल जेमतेम पाचसात मिनिटांचा, म्हणून धारेच्या वेळी आक्का कुणाशी बोलत नाहीत. मी डॉक्टर असले तरी मलाही गप्प उभं राहावं लागतं.

दूध मात्र या पाचसात मिनिटांत तयार होत नाही. काल संध्याकाळची धार संपल्यापासून कासेतल्या पेशी ते करतच होत्या. एक लिटर दुधासाठी कासेतून साधारण 400 ते 500 लिटर रक्त फिरावं लागतं. त्या रक्तातून ग्लुकोज उचलायचं, त्याचं लॅक्टोज करायचं. अ‍ॅमिनो आम्लं उचलायची, त्यांचं केसीन हे प्रथिन करायचं. अ‍ॅसिटेट उचलायचं, त्याची चरबी करायची. या प्रत्येक कामाला विकरं लागतात आणि विकरं कशी बनवायची ते जनुकांत लिहिलेलं असतं.

गायीच्या जनुकसंचाचं वाचन 2009 साली प्रसिद्ध झालं. डॉमिनेट नावाच्या एका हेरफर्ड गायीचा तो संच, आणि त्यात सुमारे 22,000 जनुकं निघाली. ती शिंगापासून खुरापर्यंत जवळपास प्रत्येक पेशीत असतात. तरी केसीन बनतं ते कासेतच. तलाठ्याच्या दप्तरात अख्ख्या गावाच्या जमिनी असतात, पण रोज उतारे निघतात ते मोजक्याच गटांचे, आणि बँकेत काम होतं ते उताऱ्यावर. पेशीतही जनुक दप्तरात राहतं, त्याचा आरएनए नावाचा उतारा बाहेर येतो आणि प्रथिन बनतं ते त्या उताऱ्यावरून. चाऱ्यानं दप्तर बदलत नाही. कोणत्या पानाचे किती उतारे निघतील, यात मात्र चाऱ्याचा मोठा हात असतो. काही उतारे तासांत वाढतात, काही आठवड्यात, आणि काही पानं वासराच्या वयातच अशी मिटतात की पुढे उघडायला जड जातात.

आक्कांना मी हे एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "मग माझ्या गव्हाणीतनं उतारा निघतोय म्हणा की." मला याहून सोपं सांगता आलेलं नाही.

सकाळी साडेसहा

दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग. यंत्रात नमुना गेला की कागदाची चिठ्ठी बाहेर येते: लिटर, फॅट, एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), दर, रक्कम. गायीच्या दुधाला आपल्याकडे 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ हा पाया. त्याखाली प्रत्येक पॉइंटला, म्हणजे टक्क्याच्या दहाव्या भागाला, पैसे कापतात.

अण्णा चिठ्ठी घेऊन तरातरा माझ्याकडे आले. फॅट 2.8, एसएनएफ 8.5. महिन्याभरापूर्वी त्यांना 3.7 लागत होती.

"मॅडम, ह्यांचं मशीनच खोटं बोलतंय."

रांगेतल्या बाकीच्यांच्या चिठ्ठ्या पाहिल्या. मशीन सगळ्यांशी खोटं बोलत नव्हतं. पाणी घातलं असतं तर एसएनएफही पडलं असतं. ते जागेवर होतं. दूध वाढलंय का विचारलं, तर म्हणाले, "गायीमागं लिटरभर वाढलंय की, त्याचीच तर मजा वाटत होती." दूध वाढलंय, एसएनएफ ठीक आहे आणि फॅट एकटीच कोसळलीय. तिथंच संशय गव्हाणीवर गेला.

सकाळी आठ

अण्णांच्या गोठ्यावर पोहोचले तेव्हा आठ गायी बसलेल्या होत्या आणि त्यातल्या दोनच रवंथ करत होत्या. निवांत बसलेल्या गायींपैकी निम्म्याहून जास्त तोंडं हलत असायला हवीत. शेण पातळ, चमकदार, त्यात मक्याच्या दाण्याचे तुकडे. मला जनुकं दिसत नाहीत. मी शेण, रवंथ आणि चिठ्ठी पाहते, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

सोयाबीनला बाजारात भाव नाही म्हणून अण्णांनी पोती घरातच ठेवली होती. त्यातलं सोयाबीन गिरणीतून भरडून आणलं आणि गायीला दिवसाला दीडदोन किलो सुरू केलं. जोडीला मक्याचा भरडा वाढवला. कडबा महाग म्हणून तो जवळजवळ बंद, त्याच्या जागी वाढं. मुरघास होता, पण कुट्टी इतकी बारीक की मुठीत धरली तर बोटांमधून गळत होती.

पोटात काय घडतं ते सांगते, कारण दुधाच्या फॅटची सगळी गोष्ट तिथंच आहे. गायीच्या पहिल्या पोटात, रूमेनमध्ये, शेदीडशे लिटरचा द्रव असतो आणि त्यात अब्जावधी जंतू. चाऱ्यातला तंतू फोडून ते अ‍ॅसिटेट करतात, धान्यातला स्टार्च फोडून प्रोपिओनेट. अ‍ॅसिटेट कासेत जाऊन चरबी बनतं. दुधातली साधारण निम्मी चरबी अशी कासेत नव्यानं घडते, उरलेली रक्तातून तयार येते. म्हणून जुने लोक म्हणतात, कडबा घातला की फॅट लागते. ते बरोबरच आहे. पण कडबा कमी झाल्यानं अ‍ॅसिटेट कमी पडलं, एवढ्यानं नऊ पॉइंट उतरत नाहीत. बरीच वर्षं शास्त्रज्ञांचं गणितही इथंच अडलेलं होतं.

उत्तर तेलात मिळालं. सोयाबीनमध्ये पाचवा हिस्सा तेल, आणि त्यात निम्म्याहून जास्त लिनोलिक आम्ल. रूमेनमधल्या जंतूंना असलं तेल सोसत नाही. ते त्यात हायड्रोजन घालून त्याला मुकं करतात. पोटाची आम्लता ताळ्यावर असेल, लांब चारा असेल, लाळ भरपूर येत असेल, तर हे काम एका ठरलेल्या वाटेनं होतं. धान्य जास्त आणि तंतू कमी झाला की पोट आंबट होतं, जंतूंची जमात बदलते आणि तेच तेल दुसऱ्या वाटेनं जातं. त्या वाटेवर एक वेगळं मेदाम्ल तयार होतं. त्याचं नाव ट्रान्स-10, सिस-12 सीएलए.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डेल बाउमन यांच्या गटानं 2000 साली हे पकडलं. त्यांनी दोन सख्खी भावंडं म्हणावीत अशी मेदाम्लं घेतली. अणू तितकेच, फक्त दुहेरी बंधांच्या जागा वेगळ्या. रूमेन टाळून ती थेट चौथ्या पोटात सोडली, दिवसाला 10 ग्रॅम. एकानं काहीच झालं नाही. दुसऱ्यानं चार दिवसांत दुधाची फॅट 40 टक्क्यांहून जास्त पाडली. दहा ग्रॅम म्हणजे चहाच्या दोन चमच्यांइतकं. सहाशे किलोच्या गायीत.

पुढच्या प्रयोगात त्यांनी कासेचा बारीक तुकडा काढून पाहिला. चरबी घडवणाऱ्या, रक्तातली चरबी आत ओढणाऱ्या आणि ती जुळवणाऱ्या, अशा सगळ्या जनुकांचे उतारे एकदम साधारण 40 ते 50 टक्क्यांनी घटलेले होते. म्हणजे कच्चा माल संपला नव्हता, कामाचा हुकूमच निघत नव्हता. या सगळ्या जनुकांच्या वर एसआरईबीपी-1 नावाचं एक प्रथिन मुकादमासारखं बसतं, आणि त्या मेदाम्लानं तेच थंडावतं. केसीनची आणि लॅक्टोजची व्यवस्था वेगळी, म्हणून एसएनएफ जागेवर राहतं. अण्णांच्या चिठ्ठीवर हीच गोष्ट दोन आकड्यांत छापून आली होती.

अण्णांना मी मेदाम्लाचं नाव सांगत बसले नाही. सोयाबीनचा भरडा बंद, त्याऐवजी तेल काढलेली पेंड. कडबा गायीमागे निदान दोन-तीन किलो, कुट्टी इंचभर लांबीची. मक्याचा भरडा एकदम न टाकता दोनतीनदा वाटून. खाण्याचा सोडा शंभर ग्रॅम. आणि आधी वैरण, मग आंबोण; उपाशी पोटी पेंडीची पाटी पुढे ठेवायची नाही.

"मग उद्या फॅट लागंल?"

नाही लागणार. पडायला आठवडा पुरतो, चढायला दोन-अडीच आठवडे लागतात. आधी जंतूंची जमात पूर्वपदावर यायला हवी, मग उतारे वाढणार. "आन् वाढलेलं लिटरभर दूध?" ते थोडं उतरेल. एक लिटर दूध एका बाजूला आणि नऊ पॉइंट फॅट दुसऱ्या बाजूला ठेवून हिशेब त्यांनाच करायला लावला. कॅल्क्युलेटरकडे पाहून त्यांनी पोराला कडब्याच्या पेंढ्यांचा भाव विचारायला पिटाळलं.

सकाळी दहा

पुढचा गोठा मुक्त संचार पद्धतीचा. गायी सुट्या, वर शेडनेट, मध्ये पिंपळ. इथं अडचण एका दहा दिवसांपूर्वी व्यालेल्या गायीची. वीस लिटर देतेय, खातेय अर्धवट, पाठीची हाडं दिसायला लागलीत. मालक खूश आहेत, कारण बादली भरतेय. मी खूश नाही.

गायीचं एक वैशिष्ट्य बहुतेकांना माहीत नसतं. ती खाल्लेल्यातून थेट साखर जवळजवळ मिळवतच नाही; सगळी जंतू खाऊन टाकतात. लिटरभर दुधाला साधारण 70 ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे या गायीला रोज दीड किलोच्या घरात. ते जवळजवळ सगळं तिचं यकृत बनवतं, मुख्यतः प्रोपिओनेटपासून. व्याल्यावर यकृतातली ग्लुकोज घडवणारी जनुकं आपोआप जोर धरतात, पण कच्चा माल नसेल तर नुसता जोर काय कामाचा?

त्याच दिवसांत दुसरं एक जनुक मंदावतं. यकृतावर वाढीच्या संप्रेरकाचं बोट जिथं टेकतं, त्या ग्राहकाचा उतारा व्याल्यावर घटतो. त्यामुळे यकृतात आयजीएफ-1 हे वाढीचंच दुसरं संप्रेरक पुरेसं बनत नाही, रक्तात वाढीचं संप्रेरक साठतं आणि ते अंगावरची चरबी उपसून कासेकडे धाडतं. लाखो वर्षांपूर्वी ही सोय वासरासाठी होती. आईनं झिजायचं आणि पिल्लाला जगवायचं. आपण निवडून निवडून ती सोय वीस-तीस लिटरपर्यंत ताणली. पोटात पुरेशी ऊर्जा गेली, इन्सुलिन वर आलं, की हा ग्राहक पुन्हा वाढतो आणि गाय सावरते. नाही गेली तर चरबी यकृतात साचते, तोंडाला फळांसारखा गोडसर वास येतो, केटोसिस होतो आणि पुढचा माज लांबतो.

मालकांना विचारलं, व्यायच्या आधी तीन आठवडे काय घालत होता? "भाकडच होती की, वाढं टाकत होतो." आमच्या भागातलं हे सर्वांत महागात पडणारं वाक्य. वाढ्यात प्रथिनं नावाला, वर ऑक्झलेट, ते कॅल्शियम बांधून ठेवतं. चुन्याची निवळी शिंपडली तर थोडी भरपाई होते, इतकंच. व्यायच्या आधीचे तीन आठवडे आणि नंतरचे तीन, या सहा आठवड्यांत पुढच्या अख्ख्या वेताचं दूध ठरतं, आणि याच सहांतल्या पहिल्या तीन आठवड्यांत गाय दूध देत नसते म्हणून तिला उकिरड्याशेजारी बांधलेलं असतं.

गूळपाणी, यकृताला प्रोपिलीन ग्लायकॉल, चांगला मुरघास, आणि शेजारच्या दांडग्या गायींपासून वेगळी गव्हाण. उद्या पुन्हा बघायचं.

साडेअकरा

वाटेत कृत्रिम रेतनवाला मुलगा भेटला. नायट्रोजनच्या टाकीतून कांडी काढताना त्याची आणि माझी नेहमीची चकमक होते. त्याच्या टाकीत आता बहुतेक कालवडीच होतील अशी कांडी आहे, आणि मोबाईलवर वळूची सगळी कुंडली. 5 ऑक्टोबर 2024 ला वाशीमला पंतप्रधानांच्या हस्ते गायी-म्हशींची जनुकं तपासणाऱ्या 'गौ चिप' आणि 'महिष चिप' आल्या, तेव्हापासून तो जनुकांवर माझ्यापेक्षा जास्त बोलतो.

तो बोलतो ते चूक नाही. काही गोष्टी खरोखर दप्तरातच असतात, गव्हाणीत नाही. डीजीएटी-1 या जनुकाचा जास्त फॅट देणारा प्रकार 2002 साली सापडला. आपल्या देशी गायी आणि म्हशी तपासल्या तेव्हा त्यांच्यात तोच आढळला. म्हशीचं दूध घट्ट का, याचं थोडं उत्तर त्यात आहे. ए-1 आणि ए-2 दुधाचंही तेच. बीटा केसीनच्या साखळीत 67 व्या जागी कोणतं अ‍ॅमिनो आम्ल बसणार, हे जन्मतः ठरलेलं असतं. अमुक चारा घातला की ए-2 दूध मिळतं म्हणून सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावं.

माझं म्हणणं एवढंच की उत्तम वळूच्या कांडीला पैसे मोजणारा माणूस त्याच कांडीच्या कालवडीला खाऊ घालताना हात आखडता घेतो. दप्तर विकत घ्यायचं आणि कचेरी बंद ठेवायची, हा कोणता धंदा?

दुपारी दीड

डबा झाडाखाली. शेंगदाण्याची चटणी, भाकरी, कांदा. गायी सावलीला, तोंडं उघडी. दुपारी गाय खात नाही, म्हणून वैरण पहाटे आणि संध्याकाळी जास्त टाकायची, आणि पाणी चोवीस तास समोर हवं. दावणीला बांधून दिवसातून दोनदा पाणी दाखवणाऱ्या गोठ्यात मी आधी पाण्याची टाकी बांधायला सांगते, मग चाऱ्याचं बोलते.

उन्हाचा फटका त्या दिवसाच्या दुधावरच थांबत नाही. फ्लोरिडा विद्यापीठात गाभण भाकड गायींचे दोन गट केले, एकाला पंखे आणि फवारे, दुसऱ्याला नुसती सावली. नुसत्या सावलीवर उन्हाळा काढलेल्या गायींच्या पोटी जन्मलेल्या कालवडी मोठ्या झाल्यावरही कमी दूध देत राहिल्या. नातींपर्यंत खूण उरली.

साडेतीन

आता मला सर्वांत आवडणारं काम, वासरांचं. शाळेतून आलेली पोरगी फीत धरते, मी छातीचा घेर वाचते, ती वहीत लिहिते. या घरात प्रत्येक कालवडीचं पान आहे.

कॉर्नेलमध्येच एका कळपाच्या अनेक वर्षांच्या नोंदी तपासल्या. दूध तोडण्याआधी वासराचं रोजचं वजन जितकं जास्त वाढलं, तितकं पहिल्या वेतात दूध जास्त मिळालं; रोजच्या वाढीत एक किलोचा फरक असेल तर पहिल्या वेतात सुमारे 850 किलो दुधाचा फरक. 2012 साली हे छापून आलं. आपल्याकडे वासराची वाढ रोज दोनतीनशे ग्रॅमवर रेंगाळते, कारण दूध डेअरीला घालायचं असतं आणि वासराला पाणी घातलेलं उरतं. ती सातआठशे ग्रॅमवर नेली तर या हिशेबानं वेताला चारशे लिटरच्या आसपास फरक पडू शकतो. त्यासाठी कांडी बदलावी लागत नाही.

यामागे कासच असते. पहिल्या दोन महिन्यांत भरपूर दूध मिळालेल्या कालवडीच्या कासेत दूध बनवणारी ऊती जास्त वाढते. नंतर मात्र उलट सावध राहायचं. दूध तोडल्यावर माजावर येईपर्यंत नुसतं धान्य घालून कालवड गोलमटोल केली तर कासेत चरबी भरते आणि तीच ऊती मागे पडते. लोकांना गुटगुटीत कालवड दाखवायला आवडते. दिसते छान, पण तिच्या पहिल्या वेताची माझी अपेक्षा बेताचीच असते.

संध्याकाळी पाच

पशुखाद्याच्या दुकानात खनिज मिश्रणाची पिशवी घ्यायला गेले, तर काउंटरवर नवी पुडी. 'जनुकं जागवणारी'. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, "मॅडम, तुमच्याच विषयातली आलीय." मागची बाजू वाचली. थोडं जस्त, थोडं तांबं, कोलीन, मिथिओनिन, यीस्ट, आणि किंमत खनिज मिश्रणाच्या कितीतरी पट.

यातली कोणतीच वस्तू खोटी नाही, म्हणून तर ही पुडी जास्त फसवी. मिथिओनिनमधून पेशीला मिथाईल गट मिळतात, आणि तेच डीएनएवर बसून काही पानं मिटतात. व्यायच्या आसपास मिथिओनिन दिलेल्या गायी जास्त खातात, जास्त दूध देतात, त्यांच्या यकृतातल्या जनुकांचा नूर पालटतो, हे इलिनॉय विद्यापीठातल्या प्रयोगांत दिसलंय. पण ते रूमेनमधून सुखरूप पार पडेल असं आवरण घातलेलं मिथिओनिन होतं. उघडं मिथिओनिन किंवा कोलीन जंतू पोटातच फस्त करतात. गायीच्या वाट्याला फारसं काही येत नाही. पुडीवर आवरणाचा शब्द कुठेच नव्हता.

शिवाय कासेच्या दाहानंही पानं मिटतात. ई. कोलाय जंतूनं कास सुजली की अल्फा-एस-1 केसीनच्या जनुकाला चालना देणाऱ्या जागेवर मिथाईल गट परत बसतात आणि त्या सडाचं केसीन खाली येतं. जर्मनीतल्या संशोधकांनी 2006 साली हे दाखवलं. म्हणजे धारेनंतर सड औषधात बुडवणं आणि गोठा कोरडा ठेवणं हीसुद्धा जनुकांचीच सेवा, आणि तीही फार स्वस्तात.

मी साधं खनिज मिश्रण घेतलं. दुकानदारानं पुडी पुन्हा पुढच्या रांगेत ठेवली.

साडेसहा

संध्याकाळची धार. वस्तीवरच्या सगळ्या गोठ्यांत यंत्रं एकदम घरघरतात. संध्याकाळच्या दुधाला सकाळपेक्षा फॅट थोडी जास्त लागते हे इथं शेंबड्या पोराला माहीत आहे. दोन धारांमधलं अंतर कमीजास्त असतं, हे एक कारण. दुसरं अलीकडे कळलेलं. कासेलाही स्वतःचं घड्याळ असतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात गायींना एकदा फक्त दिवसा आणि एकदा फक्त रात्री खाऊ दिलं, तर दूध आणि फॅट दिवसाच्या कोणत्या वेळी वर जातात तेच सरकलं. म्हणजे वैरणीच्या वेळेवर कासेचं घड्याळ लागतं. लग्नसराईत धार दोन तास उशिरा होते आणि गायी बिथरतात, त्यात नुसता हट्ट नसतो.

इथं एका आजोबांनी विचारलं, की चाऱ्यानं प्रथिनं का नाही फॅटसारखी वरखाली होत? चांगला प्रश्न. फॅट चाऱ्यानं एका टक्क्यानंही हलते, प्रथिन हललं तर दोनतीन पॉइंट, लॅक्टोज जवळपास हलतच नाही. लॅक्टोज पाणी ओढतं, त्यामुळे ते कमी बनलं तर दुधातलं त्याचं प्रमाण बदलत नाही, दूधच कमी होतं. वासराला पातळ-घट्ट चाललं असेल, पण कोरडं चाललं नसतं. आजोबा म्हणाले, "म्हंजी देवानं पाणी आधी बांधून दिलं." मी मान डोलावली, प्रकरण तसंच आहे.

रात्री नऊ

घरी येऊन दिवसाच्या नोंदी उतरवत होते, तेवढ्यात फोन. एका तरुण पोराचा, पहिल्यांदाच एकट्यानं गाय व्यालेली सांभाळतोय. साडेआठला सुटली, वासरू उभं राहिलं, पण वार पडली नाही, आणि आजोबा म्हणतात वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही.

"आत्ता पाज," मी म्हटलं. "पहिल्या दोन तासांत. वासरू तीस किलोचं असेल तर तीन लिटर. त्याच्या आतड्याची दारं चोवीस तासांत बंद होतात, मग चिकातली रोगप्रतिकारकं आत जात नाहीत. चिकात इन्सुलिन आणि आयजीएफसुद्धा असतं, त्यानं आतडं वाढायला लागतं. वार तिच्या वेळेनं पडेल, बारा तास वाट बघ. ओढू नको, दगड बांधू नको."

"पण मॅडम, खोंड आहे."

"मग काय झालं? पाज."

थोडा वेळ पलीकडून बादलीचा आवाज. मग, "आणि उरलेला चीक? आई खरवस म्हणतेय."

"खरवसाला वाटीभर काढ. बाकीचा स्वच्छ बाटल्यांत भर, तारीख लिही, फ्रीझरमध्ये ठेव. ही तुझी चौथ्या वेताची गाय, हिचा चीक कसदार. पुढच्या पंधरवड्यात तुझी पहिलारू व्यायचीय, तिला कमी येईल. तिचं वासरू झालं की हाच कोमट पाण्यात बाटली ठेवून पातळ कर. गॅसवर उकळू नको, फाटेल."

"बरं. आणि पहिलारूला आजपासून काय घालू?"

वाढं बंद कर म्हटलं, आणि कडबा, मुरघास, पेंड किती ते वजनात सांगायला लागले. तो म्हणाला, थांबा, वही घेतो.